आबांचा एकेचाळिसावा दिवस

आबांचं स्वरयंत्र काढायचं ठरलं, तेव्हा हातात एकेचाळीस दिवस होते. "देवानं दिलेला आवाज, तोच परत मागतोय," आबा म्हणाले. "पण आधी मला बोलून घेऊ दे." जन्मभर घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, घरात बोलणं म्हणजे नुसतं हूं.

लेक विमा कचेरीत प्रोग्राम लिहायची. तिनं सोय केली. आबा दार लावून फोनशी बोलत, फोन ते टाइप करी. संध्याकाळी लेकीचा प्रोग्राम त्यातलं अडखळणं काढून स्वच्छ मजकूर ठेवी आणि कच्चा पुसून टाकी. फोन रोज तारखेप्रमाणे कच्च्या फाईलला नवं नाव देई, म्हणून ते नाव तिनं व्हेरिएबलमध्ये घेतलं होतं; आज जे असेल ते आपोआप उचललं जाई.

"नीट येतंय ना गं?" आई विचारी.

"रोज बघते मी."

बघायचीच. फाईल उघडायची, त्या दिवसाच्या दोन ओळी दिसल्या की मिटायची. पुढचं वाचणं तिला चोरून ऐकल्यासारखं वाटे.

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी आई म्हणाली, "थोरल्याचं काढ. एक दिवस डोळे सुजवून बाहेर आले होते. त्याच्याबद्दलच बोलले असणार."

थोरला, लेकीच्या आधीचा मुलगा, तीनच दिवस जगला होता. छत्तीस वर्षांत आबांनी त्याचं नाव काढलं नव्हतं.

लेकीनं फोल्डर उघडलं. आत एकच फाईल. पहिल्या दिवशी चाचणीपुरतं तिनं स्वच्छ मजकुराच्या फाईलला 'आबा' असं नाव हातानं दिलं होतं. तिथं व्हेरिएबल घालायचं राहून गेलं. रोजचा दिवस कालच्या दिवसावर लिहिला जाऊन कालचा नाहीसा होत गेला होता. फोनवरही काही नव्हतं. पुसण्याचं काम तेवढं चोख झालं होतं.

"अगं, वाच की."

"आई, नाहीये."

"नाहीये म्हणजे? एवढी मोठी प्रोग्रामवाली तू..."

लेकीनं आबांना सगळं सांगितलं, आता ते जिच्यावर लिहून बोलत ती पाटी पुढं केली. "थोरल्याचं तेवढं लिहून द्याल?"

आबांनी दोन अक्षरं काढली, पुसली. मग लिहिलं, 'एकदाच जमलं.' आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आहे ते वाच," आई म्हणाली.

एकेचाळिसाव्या दिवसाचं तेवढं उरलं होतं: भिंतीवरच्या घड्याळाला तेल कुठं घालायचं, किती. एक थेंब, सुईच्या टोकानं, जास्त नाही. आई शेवटच्या ओळीपर्यंत कान देऊन होती, मध्येच कुठं थोरला येईल म्हणून.