बुटका देवदूत

बाबांच्या देवदूताला सगळं गाव ‘बुटका’ म्हणायचं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अजूनही जाते.

कॅथेड्रलच्या छतावर देवदूतांची रांग आहे. त्यातल्या एकाचा चेहरा गिलाव्यासकट खाली आला होता. तो नव्याने रंगवायचं काम बाबांकडे आलं, नेमकं आई गेली त्याच वर्षी. मी पाळण्यात होते, ताई शाळेत जाणारी. आईचा एकुलता एक फोटो बाबांनी तिच्यासोबतच पुरला. शहाणपणाच म्हणायचा! मग बांबूंच्या परांचीवर चढून त्यांनी देवदूताला तिचा चेहरा दिला.

आता एवढ्या उंचीवरचा चेहरा मुद्दाम लांबट काढायचा असतो, तरच तो खालून नीट दिसतो. म्हणून रंगारी सारखा खाली उतरून बघून जातो. बाबांना हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण ते उतरलेच नाहीत. समोर आई होती, तिला सोडून कशाला उतरतील? परांची निघाली, तेव्हा खालून दिसला तो चपटा, गालफुगा बुटका. बाबांना पुन्हा तिथलं काम मिळालं नाही.

परवा कळलं, छताची दुरुस्ती चाललीय. बाबांचा गिलावा सुटलाय, तो चेहरा खरवडून तिथे नुसता रंग भरणार. मी आई पाहिलेलीच नाही. दुरुस्ती करणाऱ्या बाईंच्या हातापाया पडले, तेव्हा त्या एकदा वर न्यायला तयार झाल्या. ताईला ओढतच नेलं.

“मला कशाला? मी पाहिलीय तिला,” ताई फणकारली. आईचा विषय निघाला की तिचं हे असंच. मला सांभाळायला तिची शाळा सुटली, ती कायमचीच.

आत पाऊल टाकलं आणि तोच मेणबत्त्यांचा वास आला. उंच खिडक्यांच्या रंगीत काचांमधून फरशीवर लाल-निळं ऊन सांडलं होतं. लहानपणी मी निळ्यातून लालात उड्या मारायचे आणि ताई “हळू गं, पडशील!” करत मागे धावायची. बाकांच्या कडेला कोरलेले सिंह अजून तसेच होते, पोरांनी हात फिरवून नाकं गुळगुळीत केलेले. किती सुंदर आहे हे सगळं! आम्हाला ते आमचं अंगण वाटायचं.

गुडघ्यांमुळे ताई खालीच बसली. मी एकेक पायरी धापा टाकत चढले. वर बाईंनी दिवा धरला आणि माझ्यासमोर, हातभर अंतरावर, आई होती. चपटी नाही, बुटकी नाही. भुवई जराशी वर, ओठ किंचित उघडे, आत्ता रागावणार अशी. मला रडू आवरेना. बाई बिचाऱ्या तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

मोबाईलवर फोटो काढला आणि खाली येऊन ताईसमोर धरला. “तीच आहे ना? सांग की गं!”

ताईने मोबाईल लांब धरला, मग अगदी डोळ्यांजवळ आणला.

“तीच,” म्हणाली. “अगं, पण केवढीशी आहे ही! माझ्या लेकीहून लहान. पोरच आहे की.”

“ताई...”

“मी हिच्यावर रागावले होते गं. तुला माझ्या अंगावर टाकून गेली म्हणून. इतकी वर्षं.” तिचा आवाज फाटला. “एवढ्याशा पोरीवर!”

मी तिच्या खांद्यावर हात टाकला. तेवढ्यात मोबाईलचा पडदा काळा झाला आणि ताई दचकलीच.

“गेली की गं! लाव, लाव लवकर.”