एकाच टोकाचं शिखर

मी एक तार बोलतेय. शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीचे हजार भाग केलेत, तर त्यातल्या एकाएवढी माझी जाडी. नाव मात्र भारदस्त आहे: अर्धवाहक तार.

तापलेल्या भट्टीत, सोन्याच्या एका थेंबाखाली मी गवतासारखी उगवले. लाखो बहिणींमधून मला सुईच्या टोकावर उचललं ते चिवटबाईने. पीएचडी करणारी ही मुलगी. चिवटबाई हे नाव प्रयोगशाळेने ठेवलेलं. तिने माझ्या अंगावर ॲल्युमिनियमची पातळ साय चढवली आणि दोन्ही टोकांना वीज मोजायची सोय केली.

मग मला अशा थंडीत ठेवलं की विचारू नका. त्या थंडीत ॲल्युमिनियम अतिवाहक होतं, म्हणजे त्यातून वीज विनाअडथळा वाहते. पण त्याच्या दारात एकट्या इलेक्ट्रॉनला प्रवेश नाही, जोडीनेच यावं लागतं. माझे इलेक्ट्रॉन बिचारे दारात थबकायचे, जोडीदार गाठायचे, तेव्हा कुठे आत जायचे. मला मोठी गंमत वाटायची.

एके दुपारी माझ्या डाव्या टोकाच्या आलेखावर, बरोबर शून्य व्होल्टवर, एक शिखर उगवलं. एकच इलेक्ट्रॉन जणू अर्धा-अर्धा होऊन तारेच्या दोन्ही टोकांना बसतो, अशी एक अजब अवस्था शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं शोधताहेत; ती तारेत असेल तर असंच शिखर दिसतं. चिवटबाईचे मार्गदर्शक सर धावत आले.

"चार वर्षं झाली तुला. आता लिहून टाक."

"सर, उजवं टोक मोजायचं राहिलंय."

"राहू दे. हा आलेख पुरेसा बोलका आहे."

ती दोन दिवस लिहीत बसली. तिला तरी कसा दोष द्यायचा? चार वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी हाती लागलं होतं, आणि आई रोज फोनवर "कधी संपणार गं?" विचारायची. पण खरी अवस्था दोन्ही टोकांना एकदम दिसते, हे तिला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी कुणाला न सांगता तिने उजवं टोकही मोजायला घेतलं. मी जीव मुठीत धरून बसले.

उजवीकडे काहीच नव्हतं. डावीकडे माझ्या अंगातल्या एका बारीक दोषात एखादा इलेक्ट्रॉन अडकून बसला होता, त्याचंच ते शिखर, एवढंच.

ती खुर्चीत बसून रडली. मला तिची माफी मागावीशी वाटली. मग डोळे पुसून तिने सरांना बोलावलं आणि दोन्ही आलेख शेजारी-शेजारी मांडले.

सरांनी दोन्ही आलेख पुन्हा एकदा ताडून पाहिले. "हे कुणी विचारलंही नसतं," ते म्हणाले.

"म्हणूनच मोजलं, सर."

"मग दोन्ही छाप. आणि वर्षभर जास्त लागेल, ते आईला सांगून ठेव."

वर्ष कसलं, दीड वर्ष लागलं. पण पदवी मिळाली. आता ती दूर कुठेतरी शिकवते आणि मी एका डबीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात असते. माझ्यातून वीज वाहिली त्याला किती दिवस झाले, तेही आठवत नाही.

तिच्या प्रबंधात माझ्या आलेखाखाली एकच ओळ आहे: 'या तारेत ती अवस्था आढळली नाही.' माझ्याबद्दल इतकं मायेने दुसरं कुणी काही लिहिलं नसतं. चिवटबाई, जिथे असशील तिथे सुखी राहा. तू मला खोटं मोठेपण दिलं नाहीस.