भरल्या ताटावरून

अंजिराच्या मुरंब्यात उभा राहिलेला तो चमचा... दांडा जरासा वाकलेला, आणि मुरंबा इतका दाट की चमचा ना पडत होता ना कलत होता. इस्क्रा केव्हाची त्याच्याकडेच बघत बसली होती. समोर ताट होतं. चीज घातलेली गरम बानित्सा, तिच्या पापुद्र्यांवरून ओघळणारं लोणी, वाटीत दही, टोमॅटोच्या फोडी, बाजूला पहाडी चहाचा पेला. चहा तिने अर्धा घेतला होता. चहा चालतो, चहात काही नसतं... आणि हे मनात आल्याबरोबर तिला कसंसंच झालं, कारण हे वाक्य तिचं नव्हतं, लहानपणी ऐकलेलं होतं.

“आजही नाही?”

दोन्का मिलेव्हा तिच्या खुर्चीमागे येऊन उभी होती. पंचाहत्तरी उलटलेली, पण पाठ अजून ताठ, पांढरे केस घट्ट मागे बांधलेले, कमरेला निळा एप्रन. बल्गेरियातल्या प्लॉव्हदिव शहराच्या चढणीच्या गल्लीतलं हे चार खोल्यांचं घर तिचं. वरच्या मजल्यावर पाहुणे राहायचे आणि खालच्या खोलीत ती त्यांना नाश्ता वाढायची.

“भूक नाही,” इस्क्रा म्हणाली.

“कालही नव्हती. परवाही नव्हती.”

“सकाळी मला जात नाही.”

“अहो, एक घास तरी घ्या,” शेजारच्या टेबलावरच्या ब्र्नोहून आलेल्या आजीबाई मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाल्या. “मावशींच्या हाताला काय चव आहे. आमचे हे घरी दोन बिस्किटांवर असतात, इथे बघा कसे सुटलेत.” त्यांच्या नवऱ्याने भरल्या तोंडानेच मान हलवली.

दोन्का हसली नाही. तिने ताट उचललं, क्षणभर हातात तसंच धरलं आणि स्वयंपाकघरात नेलं. ती पाठमोरी जाताना इस्क्राने पाहिलं. खांदे किंचित, अगदी किंचित खाली आले होते. तीन दिवसांत पहिल्यांदा. ते बघून इस्क्राच्या पोटात, नेमक्या त्या रिकाम्या जागी, काहीतरी ऊबदार पसरलं. लागलं तर तिला. लागू दे. अजून एक सकाळ बाकी आहे.

जूनमध्ये वार्नाच्या आपल्या औषधाच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना, सुट्टीसाठी स्वस्त खोली शोधता शोधता तिला तो फोटो दिसला होता. एप्रन घातलेली म्हातारी, हातात परात, आणि खाली ओळ : ‘दोन्कामावशीच्या घरातून कोणी उपाशी जात नाही.’ तिने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग हात धुतले, एका बाईला खोकल्याचं औषध दिलं आणि परत येऊन वाचली. नवऱ्याला म्हणाली, मला चार दिवस एकटीला विश्रांती हवी आहे. खोली तिने लग्नानंतरच्या आडनावावर घेतली. चौथ्या सकाळी, सगळे पाहुणे टेबलाशी असताना उठायचं आणि बोलायचं. काय बोलायचं तेही ठरलं होतं. घरी भांडी घासताना, दुकानात गोळ्यांची पाकिटं लावताना तिने ती वाक्यं इतक्यांदा घोटली होती की आता त्यांत कुठे श्वास घ्यायचा तेही तिला पाठ होतं. आणि तोवरच्या तीन सकाळी हे, भरल्या ताटावरून उठणं. ते आधी ठरलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी ताट समोर आलं आणि हात पुढे झालाच नाही. मग तिला वाटलं, वा, हे तर त्याहून बरं.

बाई. सगळ्या मुली दोन्काला बाई म्हणायच्या. दोन्का जिथे शिकवायची त्या जिम्नॅस्टिक्सच्या वसतिगृहात इस्क्रा नवव्या वर्षी आली आणि पंधराव्या वर्षी बाहेर पडली. सकाळी सहाला, फक्त चड्डी-बनियनवर, वजनकाट्यासमोर रांग. थंडीत लोखंडी काटा तळपायाला चावायचा. बाई ओरडत नसत. ओरडल्या असत्या तर किती सोपं झालं असतं... त्या हळू आवाजात आकडा सांगत आणि मग पाठीवरून बोट फिरवत, मणक्यामणक्यावर थांबत, आणि एखादी मुलगी मनासारखी हाताला लागली की म्हणत, “शाबास, आज तू मला दिसतेस.” त्या एका वाक्यासाठी आम्ही काय नाही केलं. मी दुपारचं सूप तोंडात धरून न्हाणीघरात जाऊन थुंकायचे. माझ्या बरोबरची मिरेला टाचेचं हाड मोडलेलं असताना तीन आठवडे उड्या मारत राहिली, कारण बाईंनी पट्टी बांधताना तिच्या कानात सांगितलं होतं, हलक्या मुलींना काही होत नाही. त्या रात्री मिरेलाने मला ते गुपित सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. तिचा चेहरा फुलला होता. आणि मला, देवाशपथ, तिचा हेवा वाटला होता.

दुपारी इस्क्रा टेकडीवर चढली. दगडी पायऱ्यांवर दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली, दोनदा कठड्याला धरून उभी राहिली. घराघरांतून मिरच्या भाजल्याचा वास येत होता. सप्टेंबर होता, सगळं शहर हिवाळ्यासाठी बरण्या भरत होतं. एका बाकावर बसून तिने मिरेलाला फोन लावला. मिरेला बुर्गासला असते, काठी घेऊन चालते, वाचनालयात काम करते. वर्षातून दोनदा बोलणं होतं.

“मी बाईंच्या घरी राहतेय.”

“कोणत्या बाईंच्या?” मग लक्षात येऊन, “ती जिवंत आहे?”

“खोल्या भाड्याने देते. नाश्ता वाढते सगळ्यांना.”

मिरेला हसायला लागली. तिचं ते जुनं, नाकातलं हसू. “नाश्ता? ती? बरा असतो का गं?”

“मी खात नाही. तीन दिवस ताट तसंच परत पाठवतेय. तिचा चेहरा बघायला हवास तू.”

“मग बाहेर काय खातेस?”

इस्क्रा आठवू लागली. परवा एक सफरचंद. काल... काल काय?

“इस्क्रे,” मिरेलाचं हसू आता गेलं होतं. “तीन दिवस तू तिच्या घरात उपाशी राहतेयस आणि तुला वाटतंय, तू सूड घेतेयस?”

“तुला राग नाही येत तिचा?”

“यायचा. मग माझा पाय आणि मी, आमचंच इतकं चालू असतं की तिला जागा राहिली नाही. जा, जेव काहीतरी. बावळट कुठली.”

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ तिथेच होती. खाली छपरं, लाल कौलं, नदीवरचा पूल. तिला मिरेलाचा राग आला होता. पण ते वाक्य डोक्यातून उतरत नव्हतं... कारण ते खरं होतं. या तीन दिवसांत ताट परत जाताना तिला जो ताठा वाटत होता, अंगातून एक हलकी, स्वच्छ रेघ सरळ वर गेल्यासारखं, तो तिच्या ओळखीचा होता. काट्यावर उभं राहून आकडा उतरलेला ऐकताना हेच वाटायचं. म्हणजे खायला हवं. उद्या सगळं ताट पुसून खायचं? आणि म्हातारीने समाधानाने मान हलवायची, कोणी उपाशी जात नाही? नाही. तेही नाही. खाल्लं तर ती सुटते आणि नाही खाल्लं तर मी तिचीच. उद्यापर्यंत थांबणं एकाएकी अशक्य वाटलं. ती उठली आणि पायऱ्या भराभर उतरू लागली.

घरी शांतता होती. ब्र्नोचं जोडपं फिरायला गेलं होतं. स्वयंपाकघरात दोन्का भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत बसली होती, बोटं लाल झाली होती. कोपऱ्यात, फडक्याखाली, सकाळचं ताट तसंच ठेवलेलं होतं.

“तुम्ही मला ओळखलं नाहीत,” इस्क्रा दारातूनच म्हणाली. घोटलेलं पहिलं वाक्य हे नव्हतं. घोटलेलं काही आठवतच नव्हतं.

दोन्काने सुरी खाली ठेवली. “पहिल्या दिवशी जिना चढलीस तेव्हाच ओळखलं. अजून आधी बोटं टेकवतेस, मग टाच.” तीन दिवसांचं ‘तुम्ही’ गेलं होतं. “इस्क्रा. रिबन फिरवायची ती इस्क्रा.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू काय करतेस ते बघत होते.”

“आणि काय पाहिलंत?”

म्हातारीने हात एप्रनला पुसले, सावकाश, एकेक बोट. “रोज वाटायचं, आज खाईल. पहाटे चारला उठून पीठ लाटत होते मी. इतरांना कालचंही चालतं. तुझ्यासाठी ताजं करत होते.” ती थांबली. “एकदा तू खाल्लंस की झालं, असं वाटत होतं.”

“काय झालं?”

दोन्काने समोरची सालं एका बाजूला सारली. मिरेलाचं नाव इस्क्राच्या ओठांवर आलं होतं, टाच, पट्टी, तीन आठवडे, पण ते तिने तिथेच धरून ठेवलं. या बाईला सांगून काय उपयोग, हिला सगळं माहीत आहे. हिला आठवतं. माझी पावलं आठवतात हिला. हेच जास्त भयंकर होतं. न आठवणाऱ्या म्हातारीवर ओरडता आलं असतं.

“तुम्ही काय खाता सकाळी?” तिने विचारलं.

“मी?” दोन्का गोंधळली. “मला सवय नाही. कॉफी घेते. मला कधीच...”

“बसा नीट.”

इस्क्राने कोपऱ्यातलं ताट आणलं, फडकं काढलं. बानित्सा गार होऊन चामट झाली होती, वरचं लोणी पांढरं पडलं होतं. तिने एक तुकडा तोडला, चांगला मोठा, आणि म्हातारीसमोर धरला. दोन्काने आधी तुकड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. नकार देईल असं वाटलं होतं. पण तिने तो घेतला, दोन्ही हातांनी, आणि खाऊ लागली.

तिला जात नव्हतं. ती खूप वेळ चावत होती, वाळलेल्या मानेतून घास उतरताना दिसत होता, अडखळत, थांबत. डोळ्यांत पाणी आलं.

“पाणी दे,” ती म्हणाली.

“नंतर.”

आवाज शांत होता. इस्क्राला तो स्वतःच्या तोंडून आलेला ऐकू आला आणि तो किती मऊ आहे याचं तिला नवल वाटलं. राग कुठे गेला? ती आत शोधू लागली. तिथे राग नव्हता, एक स्थिर, लख्ख लक्ष होतं, समोरच्या गळ्यावर, जबड्यावर, लाल बोटांवर, इतकं लक्ष तिने स्वतःच्या लेकीकडेही कधी दिलं नव्हतं. जवळजवळ माया वाटावी असं. म्हणजे बाईंना हे असं वाटत असणार. रोज सकाळी, सहा वर्षं. दुष्टपणा वाटतच नसणार त्यांना... इतकी वर्षं मी त्यांना दुष्ट समजत आले आणि ते इतकं साधं, इतकं गोड होतं.

हे कळलं की हात आपोआप पाण्याच्या पेल्याकडे जाईल असं तिला वाटलं. ती वाट बघत राहिली. पोटात भुकेची कळ येऊन गेली, त्या तुकड्याच्या वासाने तोंडाला पाणी सुटलं, आणि तरी हात पेल्याकडे गेला नाही.

दोन्का घास गिळून तिच्याकडे बघत होती, पुढचं काय ते तिने सांगायची वाट बघत. इस्क्राने आणखी एक तुकडा तोडला. हा कुणासाठी, हे तिला अजून ठरवता येत नव्हतं.