युसूफभाईंना लागलेला मंगळ

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण कारंजा लाडच्या युसूफभाईंचं वैर शेजाऱ्याशी नव्हतं, भाऊबंदांशी नव्हतं. ते होतं मंगळावर फिरणाऱ्या एका रोवरशी.

युसूफभाई साधेसुधे फोटोवाले असते तर गोष्ट वेगळी. त्यांनी म्हशीचा फोटो काढला की म्हैस लाजायची, आणि बाजारात गिऱ्हाईक म्हैस सोडून फोटोचाच भाव विचारायचं. अशा माणसाच्या घरात, त्याच्याच बायकोच्या मोबाईलवर, एका सकाळी तांबडी माती आणि गोटे येऊन बसले.

त्याआधी मोबाईल उघडला की लतीफाबींचाच फोटो दिसायचा. लग्नानंतरच्या पहिल्या ईदला युसूफभाईंनी काढलेला, ओढणी वाऱ्यावर उडालेली. मग मुलीनं, यास्मीननं, वाशिमहून मंगळाचे फोटो पाठवायला सुरुवात केली. ईद उतरली आणि मंगळ चढला.

"किती साफ फोटो हाय, यास्मीनचे अब्बा," लतीफाबी म्हणाल्या. "कोणीच हाललं नाई."

"तिथं हालाले हाय कोण? इथं नवरीची आत्या हालते, मावशी हालते, मंडप हालते."

"बिचारा एकटा हिंडून राह्यला. धूळ खाते, थंडी खाते, तरी फोटो पाठवते. तुमी अकोल्याले गेले तर पोचलो म्हून फोन नाई करत."

'बिचारा' हा शब्द युसूफभाईंना काट्यासारखा टोचला. त्यांना टायफॉईड झाला होता तेव्हाही तो त्यांच्या वाट्याला आला नव्हता. दिवसभर ते गिऱ्हाइकांवर खेकसत राहिले. पासपोर्ट फोटोला बसलेल्या एकाला म्हणाले, "गोट्यावानी बसा. गोट्यायचीच चलती हाय सध्या." त्या पोझमध्ये माणूस इतका दगड झाला म्हणतात, की त्याला खुर्चीसकट उचलून घरी पोचवावं लागलं.

आता एकच गोष्ट हवी होती. लतीफाबींच्या मोबाईलवर परत आपण काढलेला फोटो. मग तो मंगळाचा का असेना.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन ते किन्हीराजाला दोस्ताकडे, रामरावांकडे गेले. रामरावांचा मुरमाड माळ इतका तांबडा, की तिथं बसलेला पांढरा बगळासुद्धा उडताना लाल पोपट वाटावा.

"काहून आले युसूफभाई?"

"गोट्यायचे फोटो काढाले."

"माह्या नातवाच्या बारशाले तुमाले टाइम नव्हता, अन् गोट्यायले हाय?"

रोवरच्या फोटोत कधीकधी त्याची स्वतःचीच सावली पडते, हे युसूफभाईंनी जळत जळत का होईना, नीट पाहिलं होतं. म्हणून त्यांनी रामरावांचा फवारणीचा पंप पाठीला बांधला, डोक्यावर पत्र्याचा डबा ठेवला आणि मावळतीकडे पाठ करून उभे राहिले. समोर मुरमावर लांबच लांब यंत्र पडलं. श्वास रोखून त्यांनी बटन दाबलं.

बांधावर बसलेले रामराव म्हणाले, "तुमच्यात पत्रिका नाई पाहत म्हणे. मंग तुमाले मंगळ लागला कसा?"

युसूफभाईंनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर आभाळ मंगळासारखं थोडं पिवळट केलं, फोटो बायकोच्या मोबाईलवर पाठवला आणि घरी येऊन ऐटीत बसले.

"कोणी मानणार नाई, पण हा आजचाच हाय. यास्मीनलेबी नाई भेटला अजून. माह्या ओळखीचा एक माणूस हाय तिकडं."

लतीफाबींनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. बराच वेळ पाहिला.

"हा तोच रोवर हाय का?"

"नाई, नवा. त्याच्याहून भारी."

"बिचारा एकटाच असन."

"एकटाच," युसूफभाई म्हणाले, आणि त्यांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. "लाव ना मंग मोबाईलवर."

लतीफाबींनी बटनं दाबली. जुने गोटे गेले, नवे आले. मोबाईल त्यांनी युसूफभाईंपुढे धरला आणि सावलीवर बोट ठेवलं.

"फोटो काढताना कोंबडीच्या पखावानी डावं कोपर वर करणारं मशीन मी सारी जिंदगी पाह्यलं," त्या म्हणाल्या. "हा मंगळ नोय, यास्मीनचे अब्बा. हे तुमी हाय."