चालशे

२०१९ सालची ही गोष्ट. यशश्री बडोद्याच्या एका उड्डाणशाळेत शिकवत असे. तिथले मेकॅनिक भास्करराव वाडीत तिच्या घराशेजारीच राहात. लहानपणी तिच्या सायकलची पंक्चरं त्यांनीच काढलेली. उडण्यापूर्वी विमान स्वतः तपासायचं, हे ती मुलांकडून रोज घोकून घेई. पण काकांचा हात फिरल्यावर आपण पुन्हा वाकून बघणं तिला त्यांचा अपमान वाटे.

त्या सकाळी तिची विद्यार्थिनी कोमल आत बसून पट्टा बांधत होती. भास्करराव डाव्या चाकापाशी उकिडवे बसलेले.

"काका, आटपा की! चाकाची पूजा मांडलीत का?"

"ब्रेकपाशी तेलाची जरा ओल दिसते गं. चालशे?"

बडोद्याच्या मराठीत हा गुजराती शब्द पन्नास कामांना चालतो. विचारायलाही तोच, सांगायलाही तोच. फरक फक्त सुरात. शेजारी दुसऱ्या विमानाचं इंजिन धडधडत होतं, त्यात सूर बुडाला. काका म्हणतायत चालेल, असं समजून यशश्रीने न वाकताच तपासणीच्या कागदावर सही ठोकली.

उतरताना डावा ब्रेक लागलाच नाही. विमान उजवीकडे खेचलं जाऊन धावपट्टीबाहेरच्या चरात गेलं. कोमलचा हात कोपरात मोडला.

चौकशीच्या दिवशी दोघं बाहेर बाकावर बसले होते.

"मी विचारलं होतं तुला," भास्करराव म्हणाले.

"मला वाटलं, सांगताय."

"मी कोण सांगणार? उडणार तू." मग आवाज उतरवून म्हणाले, "आत सांग, काकाच चालशे म्हणाला. निवृत्तीला माझे आठच महिने उरलेत. तुझं लायसन गेलं तर काय करशील?"

आत अधिकाऱ्याने नेमकं तेच विचारलं, "मेकॅनिक काय म्हणाला?"

तोच एक शब्द सांगितला असता तर तो खोटाही ठरला नसता.

"त्यांनी मला विचारलं," यशश्री म्हणाली. "चाक बघून उत्तर मी द्यायचं होतं. मी बघितलंच नाही."

तिचं लायसन सहा महिने बंद राहिलं. शाळेने भास्कररावांनाही घरी बसवलंच. २०२१च्या साथीत ते गेले. कोमलचा हात पुरता सरळ होत नाही. ती बडोद्यातच, अलकापुरीत, गणिताच्या शिकवण्या घेते. यशश्री आता नागपूरहून विमान उडवते. कोमलला एकदा फोन करावा, असं तिच्या मनात वरचेवर येतं. अजून केलेला नाही.