डाव्या पायाचं माप

माझ्या दुधाच्या पातेल्यात सायकलची चेन शिजत होती.

काळंकुट्ट ग्रीस, त्यात चेन, वर बुडबुडे. आणि स्टोव्हपुढे पाटावर बसून आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर चंद्रप्रकाश, माझ्याच उलथन्याने ते ढवळत होते. ज्या दिवशी दुपारी त्यांना बघायला चेंबूरहून माणसं यायची होती, त्या दिवशी सकाळी!

"अहो भावजी, हे काय?"

"वहिनी, दूध आज दुसऱ्या पातेल्यात तापवा. चेन अशी ग्रीसमध्ये उकळली ना, की ते सांध्यासांध्यात मुरतं. मग आवाज करत नाही."

"चेन करत नसेल. मी करणारे."

"तुमच्या आवाजाची सवय आहे सगळ्यांना," म्हणाले, आणि ढवळत राहिले.

गॅससाठी नंबर लावून तीन वर्षं झाली होती, सिलिंडरचा पत्ता नव्हता. रेशनच्या रांगेत उभी राहून रॉकेल मी आणायचं आणि त्यावर यांनी चेन शिजवायची. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत चार माणसं आणि एक सायकल राहत होती, आणि सर्वांत जास्त जागा सायकलला होती. रिमा फडताळामागे. बेअरिंगचे छर्रे मिसळणाच्या डब्यात. एकदा आमटीत मोहरीबरोबर एक छर्रा गेला आणि यांचा दात हलला. सांगाडा बाहेरच्या खोलीत, आढ्याच्या कडीला टांगलेला. त्या कडीला माझ्या मुलाचा पाळणा होता. पोरगा पाळण्यातून उतरून सातवीत गेला आणि कडी भावजींनी घेतली.

सायकल दुकानात मिळते, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. पण त्यांना चालेल अशी मिळत नव्हती, हेही खरं. लहानपणी तापात त्यांचा डावा पाय गेला. गेला म्हणजे आहे, पण उजव्यापेक्षा चांगला चार बोटं आखूड आणि मनगटाएवढा बारीक. भाड्याची सायकल त्यांनी किती वेळा घेऊन पाहिली. उजवं पॅडल मारलं की डावं खाली जायचं, पाय तिथवर पोचायचा नाही, आणि भावजी रस्त्यात आडवे. कोणीतरी सांगितलं, हाताने चालवायची तीनचाकी मिळते, अर्ज करा. भावजी म्हणाले, "माझे हात रोज चालतातच. मला पाय चालवायचेत."

भांडुपच्या एका गाळ्यात ते फिटर होते. डबा खाऊन झाला की उरलेल्या वेळात कानस घेऊन बसायचे. सांगाड्याचे पाइप त्यांनी कापले, पितळेने जोडले. चाकांच्या मधले हब ओळखीच्या टर्नरकडून आपल्यासमोर लेथवर काढून घेतले. पॅडल ज्याला लागतं तो दांडा, क्रँक, तो मात्र स्वतः पोलादी पट्टीतून घासून काढला. उजवा नेहमीच्या मापाचा. डावा आखूड, म्हणजे पॅडल खाली गेलं तरी पाय सुटायला नको. ते माप काही केल्या जमेना. एक फार लांब झाला, एक फार आखूड, एकाचं भोक तिरकं गेलं. त्यातल्या एकाने मी अजून आलं ठेचते. चौथा जमला.

एवढ्यात काशीरामकाकांनी हे स्थळ आणलं. मुलगी वनमाला, चेंबूरला बालवाडीत शिकवते. फोटो आला. पत्रिका जुळली. फोटो परत मागितला तर भावजी म्हणाले, कुठे ठेवला ते आठवत नाही. बोटाएवढा लहान पाना अंधारात सापडणाऱ्या माणसाला फोटो सापडेना! दोन दिवस दाढी वेळेवर होत होती, तेवढ्याने मला आशा वाटायला लागली.

पायाचं मात्र काकांनी तिकडे सांगितलंच नव्हतं.

"पाहुणे यायच्या आधी खाटेवर बसायचं," हे म्हणजे आमचे दत्ताराम, त्यांनी भावाला बजावलं. "ते जिना उतरेपर्यंत उठायचं नाही. कळलं?"

"आणि सप्तपदीला?" मी विचारलं. "खाटेसकट फिरवणार?"

"तू मध्ये बोलू नको गं. एकदा साखरपुडा झाला की कोण मागे हटत नाही."

भावजी म्हणाले, "बसतो. बसायला काय जातंय?"

राहता राहिली डोक्यावर लटकणारी सायकल. रंग परवा दिलेला, काळा, सगळ्यांच्या सायकलींना असतो तसा. तो अजून चिकटत होता, पण भावजींना दम कुठला? सकाळीच दोन्ही दांडे बसवून झाले होते.

"खाली काढा ती," मी म्हटलं.

"रंगाला बोटं उठतील."

"मग वरून चादर टाकते."

"चादर चिकटेल!"

"भावजी, तुमचं लग्न ठरवायचंय आज. सायकलचं नाही."

"लग्न ठरेल हो. रंग एकदा बिघडला की पहिल्यापासून खरवडायला लागतो."

मी हात जोडले आणि शिरा भाजायला गेले. दुसऱ्या पातेल्यात.

पाहुणे दोघंच आले. मुलीचे वडील, कमी बोलणारे, आणि मुलीचा मामा, जो वडिलांच्या वाटणीचंही बोलत होता. भावजी खाटेवर, पांघरुणाची घडी मांडीवर घेऊन, फोटो काढायला बसवल्यासारखे. नोकरी कायम आहे का, गाव कुठलं, सुपारी-तंबाखू काही, सगळं झालं. भावजींनी नीट उत्तरं दिली. वडील शिऱ्याचा घास घेऊन यांना म्हणाले, "मुलगा शांत आहे हो. एका जागी बसतो. नाहीतर आजकालची पोरं, सारखी उठबस."

यांना ठसका लागला. मी पाणी दिलं.

मामाला मात्र एका जागी बसवेना. तो उठला आणि सायकलखाली जाऊन उभा राहिला.

"ही कोणाची?"

"त्यानेच बनवलीय," हे कौतुकाने म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच. "विकतचं फार थोडं. बाकी सगळं हाताने."

"झकास! काय बोलता!" मामाने उजवा दांडा धरून गरकन फिरवला. मग डावा वर आला. मामाने मान तिरकी केली. "पण हे बघा ना, हा एक लांब आणि हा आखूड. घाईत झालं वाटतं. असू दे, हौसेचं काम. चुकायचंच."

"हो हो," हे घाईघाईने म्हणाले. "चुकलंय ते. बदलणारे तो."

मी भावजींकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. हात खाटेच्या कडेवर गेला होता. मी चहाचा ट्रे घेऊन मध्ये घुसले, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. "भावजी, चहा घ्या. आधी चहा घ्या बघू."

त्यांनी कप घेतला, शेजारी खिडकीत ठेवला आणि उठले.

आमची खोली ती केवढी! पण खाटेपासून कडीपर्यंत ते चालत गेले तेव्हा मला ती फार लांबलचक वाटली. डावा पाय टेकताना सगळं अंग एका बाजूला जायचं, पुन्हा सावरायचं. मामा बाजूला सरकला.

"चुकलेलं नाही," भावजी म्हणाले. "हा उजव्या पायाचा. हा डाव्या पायाचा. माझा डावा पाय आखूड आहे. तीन दांडे फुकट गेले, तेव्हा हे माप मिळालं." आणि दांडा हळूच फिरवून, माणसं जणू तेवढंच बघायला चेंबूरहून आली आहेत अशा आवाजात पुढे म्हणाले, "इथे बघा, खाली आला तरी कुठे थांबतो."

वडिलांनी कप बशीत ठेवला. यांच्याकडे बघून म्हणाले, "आधी सांगायला हवं होतं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मामा अजून दांड्याकडेच बघत होता. "मग पाय पोचतो का बरोबर?"

"पोचेल. अजून बसलो नाही."

पाहुणे जिना उतरले. राग आला की यांची मालवणी बाहेर येते. "तुका तासभर गप बसाक काय झाला रे? काय झाला?"

"दादा," भावजी म्हणाले, "तू चुकलंय म्हणालास."

एवढंच. मग खाटेवर जाऊन बसले, आता बसायची काही गरज नसताना.

आठवड्याने काशीरामकाका तोंड पाडून आले. पत्रिका जुळत नाही म्हणाले. "महिन्यापूर्वी जुळली होती ती?" मी विचारलं, "ग्रह काय चेंबूरहून मुलुंडला येईपर्यंत गाडी चुकले?" काकांनी चहासुद्धा घेतला नाही. त्यांनी फोटो मागितला. भावजींनी शर्टाच्या खिशातून काढून दिला. खिशात राहून तो छातीसारखा बाकदार झाला होता. काकांनी तो दोन बोटांनी सरळ करून पाहिला, होईना.

मी भावजींना फैलावर घेतलं. घेणारच. "तासाभराचा प्रश्न होता. तासाभराचा! एवढा दांड्याचा मान ठेवलात, माझ्या शिऱ्याचा तरी ठेवायचात."

"शिरा चांगला होता वहिनी."

"मग?"

"मग काय? आज बसलो असतो तर पुढे रोज बसायला लागलं असतं."

मग मी पातेल्यावरून बोलले. ते काही केल्या निघेना. राख, चिंच, सोडा, सगळं झालं. दुधाला वास यायचा तो यायचाच.

सायकल तयार झाली ती सोमवारी. भल्या पहाटे त्यांनी ती कडीवरून उतरवली. हे आठ दिवस अबोला धरून होते. पण भावजींनी जिन्यात मागचं चाक धरलं तेव्हा न बोलता यांनी पुढचं उचललं. खाली आल्यावर हात पुसले आणि तसेच वर निघून गेले.

भावजींनी पाण्याच्या टाकीच्या भिंतीला हात लावून टांग टाकली. सायकल डगडगली.

"पडाल हो!"

"पडू द्या."

उजवं पॅडल खाली गेलं. डावं वर आलं. मग डावं खाली गेलं, आणि त्याच्याबरोबर पाय गेला, सुटला नाही, पुन्हा वर आला. भावजींनी भिंतीवरचा हात काढला. चाळीच्या फाटकाशी एक झोक गेला, आणि मग ते आग्रा रोडच्या बाजूला वळले. मागे वळून बघतील असं मला वाटलं होतं. तेवढं तरी करायला हवं होतं. माझं पातेलं गेलं होतं.

मी रॉकेलचा डबा घेऊन नाक्यापर्यंत गेले. दुकान उघडायला वेळ होता, ते मला माहीत होतं. पहिल्या पाळीची माणसं सायकलींवरून भांडुपकडे चालली होती. हँडलला डबे, पाठीला घामाचे शर्ट, रस्ताभर.

तळमजल्यावरची शकु नळावरून येत होती. "कोणाला बघताय वहिनी?"

"भावजी गेलेत. सायकलवरून."

"मग त्यात शोधायचं काय एवढं? त्यांची चाल तर लांबून—"

शकु थांबली. कळशी कडेवर सावरून तीही माझ्याबरोबर बघायला लागली.

कारखान्याचा भोंगा झाला. त्या सगळ्या पाठी जरा पुढे वाकल्या, सारख्याच खालीवर होत वळणाला लागल्या. त्यातली आमची कुठली, ते मला सांगता येईना. शकुलाही आलं नाही.