मेजाखालचे काटे

सुतारकाम आमच्या मालकांचं आन वार्निश माझं, ही वाटणी लग्नापासनं. पन कोल्हारात नाव कुनाचं? कृपादानचं. मरिया वार्निश करती हे फक्त आमच्या कोंबड्यांना ठावं. मला त्याचा राग हुता, खोटं कशाला बोलू.

एकाहत्तर सालची गोष्ट. ईस्टरच्या उपासनेला प्रभुभोजनाचं नवं मेज देतो, असा मालकांनी भर मंडळीत शब्द दिलेला. मेजाच्या फळ्याला दोन्ही अंगानं वार्निश लागतं, न्हाईतर उन्हाळ्यात तो वाकतो. गुरुवारी मी खालचं अंग केलं. सांजच्याला मालकांनी बोट लावलं, "वाळलं" म्हनले, आन मी नको नको म्हनताना पेपर अंथरून फळा पालथा घातला. गुड फ्रायडेला आमी कामाला हात लावत न्हाई. शनिवारी फळा उचलला तर अख्खा पेपर त्याला चिकटलेला. प्रभूच्या मेजावर कांद्याचे भाव.

मालक काचपेपरनं घासत बसले. एका दिवसात दोन्ही अंगं व्हायची कशी, म्हनून त्यांचं तोंड एवढंसं झालेलं. मी चुलीसाठी कालवलेल्या मातीचे आठ गोळे केले, त्यात बाभळीचे काटे टोकं वर करून रोवले आन उन्हात ठेवले. ओला फळा नुसत्या टोकांवर टेकला की चिकटायचं कारनच न्हाई.

मालकांनी ते बघितलं. "मरिये, कालच काट्यांच्या मुकुटाचं ऐकून आलो. आन तू मेजाखाली काटे घालती?"

"काट्यांनी काय केलंय? मुकुट मानसांनी गुंफला," मी म्हनले. "धरा तिकडनं."

खालचं अंग केलं, दोघांनी फळा काट्यांवर उलटा ठेवला, लगेच वरचं केलं. ईस्टरला पहाटे पाय बसवून मेज चर्चमधी नेलं.

पाद्रीसाहेबांनी फळ्याखालनं हात फिरवला. "कृपादान, खाली टोचल्यागत काय लागतंय?"

आता खापर माझ्यावर फुटनार, म्हनून मी खाली बघितलं.

"काट्यांच्या खुना हायेत साहेब," मालक म्हनले. "मेज मी केलं, पन माझा शब्द राखला तो मरियानं. वीस वर्सं आमच्याकडचं वार्निश तीच करती. मी कधी कुनाला सांगितलं न्हाई, ते माझं चुकलं."

मंडळी उठून गीत म्हनाय लागली. मीबी उठले.

घरी जाताना मात्र मी त्यांना सांगितलं, वीस न्हाई, एकवीस.